जनावरं बरी हायत ना?

यंदा चैत्र सरायच्या आतच आमच्या गल्लीत टँकर सुरू झाला. सकाळी त्याचा भोंगा वाजला, तशी हातातला चहा तसाच ठेवून मी नळी धरायला धावले. पाळी आल्यावर आधी दाराबाहेरची दगडी डोण भरली आणि मग आतली पिंपं. मधुरा दारात उभी राहून बघत होती. ही मुलगी यंदाच माझ्याकडे समुपदेशनाचं काम शिकायला आली आहे. शहरात वाढलेली, दुष्काळाची सवय नसलेली. पण तिलाही हे खटकलं.

“मॅडम, टँकरचं पाणी जनावरांच्या डोणीत? आपल्याकडे तर एक शेळीसुद्धा नाही.”

“पेशंट येतात ना,” मी म्हटलं.

तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. ती हसली आणि आत जाऊन मोबाईल घेऊन बसली. आपल्या केंद्राचं पान तिला इंटरनेटवर टाकायचं आहे. त्यावर फोटो हवेत, येऊन गेलेल्या माणसांचे चार चांगले शब्द हवेत, तारे हवेत. मी ऐकते आणि मान डोलावते. ‘इथे मला मनसोक्त रडता आलं, पाच तारे’ असं आमच्या अंबाजोगाईत कोण लिहील, एवढाच मला प्रश्न पडतो.

डोणीतलं पाणी हळूहळू स्थिरावलं. त्यात कडुलिंबाची फांदी दिसायला लागली, मग फांदीमागचं फिकट आभाळ. वरून मोहर गळत होता, इतका हलका की पाण्यावर साधी रेघही उठत नव्हती. मी तिथेच पायरीवर बसले. ऊन चढत गेलं. कुठून तरी घुंगरांचा आवाज आल्यासारखा वाटला, पण रस्त्यावर तर कुणीच नव्हतं. उन्हाळ्याचं हे असं असतं. एका उन्हाळ्यात बसलं की माणूस नकळत दुसऱ्याच उन्हाळ्यात जाऊन पोचतो.

तो उन्हाळा मला आधी वासानं आठवतो. पुण्याची नोकरी सोडून आल्यावर मी जी खोली भाड्यानं घेतली, ते एक बंद पडलेलं कृषी सेवा केंद्र होतं. सलग दोन वर्षं पेरणीच धड झाली नाही, मग बी-बियाणं घेतंय कोण? दुकानदारानं शटर ओढलं आणि तो लातूरला पोराकडे निघून गेला. मी तीनदा फरशी पुसून घेतली तरी खोलीतून युरियाचा आणि कसल्याशा औषधाचा उग्र दर्प जायला तयार नव्हता. कोपऱ्यांत, भिंतीच्या भेगांत ज्वारीचे लालसर दाणे अडकलेले होते. रंग लावलेलं बियाणं ते. चिमण्या आत यायच्या, चोच लावायच्या आणि टाकून द्यायच्या. भिंतीवर एका मक्याच्या कणसाचं चित्र होतं, माणसाएवढं उंच. ते मी पुसलं नाही. त्या उन्हाळ्यात हिरवं म्हणून एवढंच काय ते नजरेला पडत होतं.

त्या खोलीत मी एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. बाहेर पाटी लावली: मानसोपचार व समुपदेशन केंद्र, खाली माझं नाव आणि पदव्या. पेंटरनं अक्षरं सुंदर काढली होती. मला वाटलं, आता लोक येतील.

कुणी आलं नाही. नुसतं आलं नाही असंही नाही. माझ्या बाजूला कडुलिंबाची गार सावली होती आणि समोरच्या बाजूला रणरणतं ऊन. लोक सावलीतून चालत यायचे, पाटी दिसली की रस्ता ओलांडायचे आणि उन्हातून पुढे जायचे. माझं दार मागे पडलं की पुन्हा सावलीत. दिवसभर मी खिडकीतून हे बघत बसे. मला त्यांचा राग येत नसे, उलट भर उन्हात पाय भाजत जाणाऱ्या म्हाताऱ्या बघून अपराधी वाटे. आपल्या पाटीनं लोकांची सावली हिरावून घेतली, असं काहीतरी.

पुण्याच्या मैत्रिणी फोनवर सल्ले द्यायच्या. कार्डं छाप, डॉक्टरांना भेट, शाळांत व्याख्यानं दे. कार्डं छापली. ओळखीच्या एका डॉक्टरांकडे ठेवून आले. पंधरवड्यानं गेले तेव्हा कार्डं तशीच, टेबलाच्या काचेखाली नीट मांडलेली. डॉक्टर बिचारे ओशाळले. म्हणाले, “एकाला सांगून बघितलं, ताई. तो बाहेर जाऊन ओरडला, डॉक्टर मला येडा म्हणले. त्याचा सगळा गोतावळा आता दुसऱ्या दवाखान्यात जातो.”

मला मात्र इथेच राहायचं होतं. ते का, हे तेव्हा नीट सांगता येत नसे. पुण्यात माणसं माझ्यासमोर बसून आपलं दुःख सरळ वाक्यांत सांगायची, त्याला काय म्हणतात तेही सांगायची. चांगलीच होती ती माणसं. पण त्यांचं ऐकताना मला सारखी आमच्याकडची माणसं डोळ्यांसमोर यायची. बांधावर बसून तासन् तास मातीवर काडीनं रेघा ओढणारी. विचारलं तर “काय न्हाई” म्हणणारी. त्या ‘काय न्हाई’च्या जवळ जाऊन बसावं असं मला फार वाटायचं. वडील निवृत्त मास्तर, ते एवढंच म्हणाले, “बघ बाई, आपल्या लोकांना बोलायची सवय नाही.” आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

या सगळ्यात उडी घेतली ती मामांनी. आईचा धाकटा भाऊ. घाटनांदूरकडच्या एका दूध सोसायटीचे चेअरमन. घरातसुद्धा त्यांना चेअरमनच म्हणत. पांढरे कडक कपडे, टोपी, आणि आवाज असा की साधं ‘पाणी आणा’ म्हटलं तरी सभा सुरू झाल्यासारखी वाटावी. सोसायटी, ग्रामपंचायत, सूतगिरणी, कुठली म्हणून निवडणूक त्यांनी सोडली नव्हती. एक दिवस जीप दारात थांबवून ते आत आले, रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “सुमा, आगं परचार केल्याबिगर घरच्या बायकोचं मत पडत न्हाई. आन् तू नुसती पाटी लावून बसलीस व्हय?”

पुण्याच्या संस्थेनं माझी जागा मृग नक्षत्रापर्यंत रिकामी ठेवली होती. ते कळल्यावर मामांनी सौदाच ठरवून टाकला. “मिरगापर्यंत बघू. एक जरी माणूस आत येऊन ह्या खुर्चीवर बसलं, तर तू हितंच ऱ्हा. न्हाई बसलं, तर मीच जीप घेऊन येतो आन् तुझं टेबल-खुर्च्या भरून घिऊन जातो. मग पुण्याला जा गप.”

मी हो म्हटलं. एक माणूस काय, सहज येईल, असं तेव्हा वाटलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी जीपवर कर्णा बांधून मामा स्वतः निघाले. मी खोलीत होते. लांबून आवाज यायला लागला.

“बंधू आन् भगिनींनो! आपल्या गावच्या लेकीनं, पुण्याला शिकून, मनाचा दवाखाना टाकलेला हाय! ज्यांना झोप न्हाई, ज्यांच्या डोक्यात इचार हायत, ज्यांच्या घरात शांतता न्हाई, त्यांनी लाजू नये! बहुसंख्येनं उपस्थित ऱ्हावं!”

बहुसंख्येनं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या दिवसापासून लोकांनी रस्ता ओलांडणंही सोडलं, ते पलीकडच्या गल्लीनंच जायला लागले. कडुलिंबाखाली एक कुत्रं तेवढं निजलेलं असायचं. मामा मात्र खूश होते. त्यांच्या मते वातावरणनिर्मिती झाली होती.

आता मागे वळून बघते तर मला मामांचा तो उन्हाळा माझ्या उन्हाळ्याच्या शेजारी उभा दिसतो. पाडव्याला मी घाटनांदूरला गेले होते. मामांच्या दारात एरवी त्यांची खिलार जोडी असायची, हरण्या आणि सर्जा. त्यातल्या हरण्यावर मामांचा जीव. पोळ्याला त्याच्या शिंगांना ते स्वतः बेगड लावायचे, गड्याला हात लावू द्यायचे नाहीत. पाडव्याला गेले तर गोठा झाडून लख्ख होता. दावी गुंडाळून खुंटीला, घुंगुरमाळा खिळ्याला. मामींनी पाण्याचा तांब्या देताना खालच्या आवाजात सांगितलं, होळीच्या आधीच जोडी बाजारात विकली. चारा नव्हता. छावणी तर मामांनीच खटपट करून सुरू करवली होती, अंबाजोगाईच्या बाहेरच्या माळावर. चार सोसायट्यांनी मिळून चालवलेली, शेकडो जनावरांची. मी विचारलं, मग बैल तिथेच का नाही बांधले? मामी म्हणाल्या, “चेअरमनचे बैल छावणीला? लोक काय म्हणतील, म्हणले. झाकली मूठ सव्वा लाखाची.” ओसरीवर मामा मोठमोठ्यानं फोनवर बोलत होते. सोसायटीचं दूध निम्म्यावर आलं होतं. कॅन एकमेकांवर आपटले की आधी जाड आवाज यायचा, आता घंटेसारखा यायचा. बैलांविषयी ते त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या प्रचाराविषयी मात्र जेवण होईपर्यंत बोलले.

दुसरी कल्पना पत्रकांची. मजकूर मी लिहिला, कात्री मामांनी चालवली. “मन-बिन लिवू नको, लोक बिचकतात. मानसोपचार तर आजाबात नको. नुसतं काय हुतंय ते लिव.” मग मी लिहिलं: अन्न गोड लागत नाही? झोप येत नाही? कळपात असून एकटं वाटतं? कशात जीव लागत नाही? या, बोलू. पत्ता: जुन्या कृषी सेवा केंद्राच्या जागेत. ‘चारचौघांत’ हा माझा शब्द खोडून ‘कळपात’ मामांनीच घातला होता. म्हणाले, आपल्या लोकांना हे जवळचं वाटतं. आणि ही पत्रकं वाटायची कुठे, तर छावणीत. सोसायटी तिथे सरकीची पेंड देत होती. पेंडीच्या प्रत्येक पोत्याबरोबर एक पत्रक.

मी त्यांच्याबरोबर छावणी बघायला गेले. ती संध्याकाळ अजून कधी कधी झोपेत येते. ओसाड माळावर एक आख्खं गाव वसलेलं होतं आणि त्या गावात जनावरं मालक होती, माणसं त्यांच्या आश्रयाला आल्यासारखी. उसाच्या वाढ्यांचे हिरवे भारे, पोत्यांच्या ताडपत्र्यांच्या सावल्या, शेणाचा आणि धुराचा वास. चुलीवर भाकरी थापणाऱ्या बायकांच्या मागे म्हशी संथ रवंथ करत होत्या. दिवस बुडाला तसे घुंगरांचे आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलके हलके सरकत गेले. धूळ सोन्यासारखी झाली होती. मामा दावणीदावणीतून चालत होते आणि प्रत्येक ठिकाणी थांबून एकच विचारत होते, “काय, जनावरं बरी हायत ना?” लोक उत्तर द्यायचे. कुणी थोडकं, कुणी लांबण लावून. मामा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मला तेव्हा वाटलं, चेअरमन आहेत, मतांची मशागत करतायत.

तीन दिवसांनी सकाळी मी शटर वर केलं तर दारात गाय.

तांबडी, बारीक हाडाची, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं दावं धरून एक बाई उभी होती, साधारण चाळिशीची, डोईवर पदर घट्ट ओढलेला. हातात माझं पत्रक. तिनं सांगितलं, ती गयाबाई, घर मेंढपाळाचं. मालक मेंढरं घेऊन लांब मुलुखाला गेलेले, चाऱ्याच्या शोधात. ती दोन गाई घेऊन छावणीत एकटी राहत होती.

“डागदरीनबाई, तांबडीला बघा. कागदात लिवलंय तसंच हाय समदं.”

माझी ट्यूब पेटायला वेळ लागला. पेंडीबरोबर आलेला कागद, शेतीच्या दुकानाचा पत्ता, आणि त्यात अन्न जात नाही, झोप नाही, कळपात एकटं. दुसरं काय समजणार कुणी? मी कशीबशी म्हणाले, “अहो, मी जनावरांची डॉक्टर नाही.”

“मंग कावून लिवलं असं?” ती थोडी रागानंच म्हणाली. “शेजारणीनं वाचून दावलं. मी म्हनलं, आपल्या तांबडीचंच लिवलंय की. चारा तोंडात धरती आन् तशीच हुबी ऱ्हाती. गिळतच न्हाई. समदी जनावरं बसली तरी ही आपली रस्त्याकडं तोंड करून हुबी. राच्याला डोळ्याला डोळा लागत न्हाई तिच्या.”

ती बोलत असताना तांबडीनं मान आत घातली. दाराजवळच्या स्टुलावर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. तिनं वरची पाच-सहा पत्रकं ओढली आणि शांतपणे खायला सुरुवात केली. कुठेही न थांबता, नीट चावून, गिळून. मग आणखी थोडी ओढली. अन्न न जाणाऱ्या गाईनं बघता बघता माझी निम्मी जाहिरात फस्त केली.

आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. मग गयाबाईला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून ती हसली, मीही हसले, आणि हसता हसता ती पायरीवर खाली बसली. तेव्हा मला दिसलं, तिच्या कमरेच्या फडक्यात एक भाकरी बांधलेली होती. एकच घास तोडलेला. कडा वाळून वर आल्या होत्या, म्हणजे कालचीच असणार.

आणि मला एकदम आईची शेळी आठवली. मी लहान असताना मामा यायचे, जीपमधून उतरायचे आणि आधी अंगणात शेळीजवळ जायचे. “काय म्हणती गं तुझी शेळी?” आई चुलीपासून न उठता सांगायची, “आवंदा लई वरडती. दूध बी आटलंय.” मामा शेळीच्या पाठीवरून हात फिरवायचे, चहा प्यायचे, निघून जायचे. आणि दोन दिवसांनी जीप परत यायची, आईला चार दिवस माहेरी न्यायला. मला वाटायचं, मामांना शेळ्यांचा भारी लळा. एवढं शिकले, पुण्याला राहिले, पण ते अंगणातलं बोलणं मला पहिल्यांदा कळलं ते त्या पायरीवर. आमच्याकडे माणसाला माणसाचं विचारत नाहीत. विचारलं तर समोरचा उघडा पडतो, आणि उघडं पडायला आमच्याकडे कुणाला आवडत नाही. जनावराचं विचारायचं. मग ज्याला सांगायचं असेल तो सांगतो, आणि ज्याला नसेल तो म्हणतो, बरी हायत.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. पुण्यात शिकलेलं पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, “तांबडी अशी कधीपासून करते?”

गयाबाईनं दाव्याचं टोक बोटाला गुंडाळलं. “मेंढरं गेली तवापासून.”

“रस्त्याकडे बघत उभी राहते?”

“बघंल न्हाई तर काय? गेलेल्यांचा सांगावा न्हाई काय न्हाई. तिला काय वाटत नसंल व्हय?”

ऊन पायरीच्या कडेपर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. ती बोलत राहिली. तांबडीच्या भीतीविषयी, तांबडीच्या रागाविषयी. आसपासच्या म्हशींच्या मालकिणी तिला काय टाकून बोलतात त्याविषयी. रस्त्यानं माणसं जात होती, बघत होती, आणि कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. बाई गाय दाखवायला आली आहे, एवढंच. जाताना तिनं फडक्यातली भाकरी सोडली, कडेचा वाळका तुकडा गाईला दिला आणि मधला मऊ घास स्वतःच्या तोंडात टाकला.

त्याच दिवशी मी गावातल्या एका पाथरवटाकडून ही डोण आणवली आणि भिंतीला एक लोखंडी कडी ठोकून घेतली. वडिलांनी आपल्या वाट्याच्या टँकरच्या पाण्यातून दोन घागरी रोज डोणीत ओतायला सुरुवात केली. स्वतः अंघोळीऐवजी ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचे, वर म्हणायचे, म्हाताऱ्याला कुठं मिरवायचंय. पाटी तशीच राहिली. पण माझी खरी पाटी म्हणजे ती डोण. दुष्काळात पाणी ठेवलेलं दार लोकांना सांगावं लागत नाही.

माणसं यायला लागली. छावणीतून, मग चौसाळ्याकडच्या वाटेवरून, बाजाराला आलेली. कुणी म्हैस घेऊन, कुणी वासरू. एक म्हातारे गृहस्थ नुसतं दावंच घेऊन यायचे. म्हणायचे, “जनावर हितंच मागं बांधलंय.” मी कधी मागे जाऊन बघितलं नाही. ही सगळी नावं मी बदलली आहेत, जनावरांचे रंगसुद्धा, कारण आमच्याकडे माणूस एक वेळ ओळखू येणार नाही, पण म्हैस ओळखू येते. दुपारच्या कलत्या सावलीत आम्ही बसायचो. म्हशी पाणी प्यायच्या, त्यांच्या ओल्या नाकांवरून थेंब ठिबकायचे. बोलणं मधेच थांबायचं, बराच वेळ थांबायचं, आणि कुणालाच त्याची घाई नसायची. वारा गरम होता. तरी ते दिवस मला पाण्याकाठच्या दिवसांसारखे आठवतात.

पण मामांचा कौल कडक. “पायरीवरचं मत धरत न्हाईत, सुमा. पेटीपतुर गेलं तर मत. आत येऊन खुर्चीवर बसलं का कुनी?”

नव्हतं बसलं. हातात दावं असलेला माणूस आत येणार कसा? आणि मला पुढचं दिसत होतं. पाऊस पडला की छावणी उठणार, जनावरं गावोगाव परत जाणार, डोणीचं कुणाला काम उरणार नाही. पायरी पुन्हा रिकामी. एक तरी माणूस जनावराशिवाय, आपल्या पायानं, उंबरा ओलांडून आत आला तर या कामाला इथे मूळ धरलं असं म्हणता येईल. मामा चेष्टेत बोलत होते, पण त्यांचं खरं होतं. वैशाख सरला, ज्येष्ठ लागला. खुर्च्यांवर मी रोज फडकं मारायची. मक्याच्या कणसाखाली त्या दोन खुर्च्या समोरासमोर बसून एकमेकींकडे बघत राहायच्या. मला हरून परत जायचं नव्हतं.  पुण्याच्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी येते म्हणून सांगितलं.

पुढचं मात्र काहीही न बदलता लिहिते आहे. ज्यांचं आहे त्यांनीच सांगितलंय. गेल्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाले, “लिव. पर बैलाचं नाव खरं लाव.”

मृग निघाला त्या दिवशी आभाळात ढगाचं नाव नव्हतं. बोलल्याप्रमाणे मामांची जीप आली. मागची फळी उघडून ते आत आले. मी टेबलाचे खण रिकामे करून ठेवले होते. आमची नजरानजर झाली नाही. ते म्हणाले, “आधी खुर्च्या घिऊ.” आणि एका खुर्चीच्या पाठीला हात घालून त्यांनी ती उचलली.

उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. दारातून डोण दिसत होती. एक बैल पाणी पीत होता, कुणाचा तरी, पांढरा, लांब शिंगांचा. मामा त्याच्याकडे बघत होते. बैलानं मान वर केली, तोंडातून पाण्याची धार गळाली. मग त्याचा मालक त्याला घेऊन गेला. घुंगरांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

मामांनी खुर्ची खाली ठेवली. नीट, होती तिथेच. टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांना बिनटोपीचं मी तोवर बघितलंच नव्हतं. आणि ते खुर्चीवर बसले.

“सुमा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली सगळी सभा उठून गेली होती. “आमचा हरण्या खाईना झालाय.”

बाहेर रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला आणि लांब गेला. मला घाटनांदूरचा झाडून लख्ख केलेला गोठा दिसला. गुंडाळलेली दावी. खिळ्यावरच्या घुंगुरमाळा. हरण्याला जाऊन तीन महिने होत आले होते, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

“झोपतो का?” मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

“कधीपासून, मामा?”

“होळीपासून.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. “बाजारात दावं दुसऱ्याच्या हातात दिलं ना, तवा त्यानं वळून बघितलं, बघ. तवापासून खाईना. लोकांम्होरं गेलं की बरा ऱ्हातो. वरडतो बिरडतो, मिरवतो. घरी आलं की…”   भिंतीवरच्या कणसाशी एक चिमणी आली आणि गेली.

मग ते रडले. चेअरमन असताना, दिवसाढवळ्या, उघड्या दारात. आणि रस्त्यानं जाणाऱ्यांनी सावली सोडली नाही.

दुपार टळली तेव्हा त्यांनी टोपी घातली, डोणीतलं पाणी ओंजळीनं तोंडावर मारलं आणि जीपची मागची फळी लावून घेतली. माझं टेबल आणि दोन्ही खुर्च्या होत्या तिथेच होत्या. जीप रिकामी परत गेली.